विहिणीला टाकलेली चौवी

सावदा
ता. १२ जून १९७०

पत्ते परतच करायचे होते तर जावईबापूंच्या पिशवीत घालून कशाला पाठवलेत, विहीणबाई? स्वतः यायचं, माझ्यासमोर टाकायचे आणि बोलायचं ते बोलायचं. मी काय जळगावच्या पलीकडे राहते म्हणून बहिरी झाले नाही.

जावईबापू कचेरीच्या कामानं जळगावला आले, तिथून संध्याकाळी इकडे. पिशवीतून वर्तमानपत्रात बांधलेलं पुडकं काढून म्हणाले, आईंनी दिलंय. गाठ तुमच्या हातची, ती काही सुटेना. मला वाटलं कुरडया असतील. मी आपली सगळ्यांसमोर विळीनं दोरी कापायला बसले, आणि आतून निघाले काय, तर मी तुम्हाला दिलेले पत्त्यांचे दोन कॅट. सोबत चिठ्ठी नाही, निरोप नाही. जावईबापू आढ्याकडे बघत बसले. मी म्हटलं, काही सांगितलंय का त्यांनी? तर म्हणे, फक्त द्या म्हणाल्या. दिलेलं लुगडं कोणी परत करत नाही, आणि तुम्ही पत्ते परत करता. शकूचे वडील म्हणाले, जपून ठेवलेत हो, एक पान दुमडलेलं नाही. त्यांना काय कळतंय.

आखाजीला काय झालं ते तुम्हालाही माहीत आहे, मलाही. वर्षातून अक्षय्य तृतीयेच्या तेवढ्या एका सणाला आपल्याकडे पत्त्यांना कोणी नाव ठेवत नाही, बायकासुद्धा ओसरीवर उघड बसतात. त्या दिवशी चारचौघींत असं करायला नको होतं. एका चौवीवरून एवढं? त्या डावाला चौकट चौवी उघडली होती, म्हणजे चारही रंगांच्या चौव्या जोकर, हे मला माहीत नव्हतं असं नाही. विसरले. ऊन ओसरीवर आलं होतं, डोळ्यांवर तिरीप येत होती. बदाम चौवी हातात आली ती टाकली. माणूस विसरतो. त्यावरून तुम्ही पुढे वाकून माझी पानं उलटी केलीत ते काही बरं केलं नाही. कोणाच्या हातातली पानं अशी उलटी करतात का? आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं धुळ्याला निघून गेलात. तुमच्यासाठी खापरावर केलेल्या पुरणपोळ्या तशाच राहिल्या. भावाला तुमच्या, उखर्डूभाऊंना, विचारलं तर म्हणाले, तिचं डोकं दुखत होतं.

महिना झाला. एवढं डोकं कोणाचं दुखत नाही.

आपल्या शकूला सहावा महिना लागला. तिला पाय लोंबकळत ठेवून बसू देऊ नका. लिंबाचं लोणचं जावईबापूंबरोबर पाठवलंय, ते तिचं एकटीचं नाही, तुमचंही आहे.

पत्ते फळीवर ठेवलेत. मी त्यांना हात लावणार नाही.

तुमची
ताईबाई

सावदा
ता. २६ जून १९७०

विहीणबाई,

तुमचं कार्ड आलं. दोन ओळी. "पत्ते पोचले असतील. शकूची तब्येत बरी आहे." बाकीचं कार्ड कोरं. पोस्टमन ते वाचून देतो, त्यालासुद्धा वाचायला काही मिळालं नाही.

शकूचं पत्र मात्र लांबलचक आहे. ती आता "बरं शे" असं लिहायला लागली, धुळ्याचं पाणी लागलं तिला. तिनं लिहिलंय की तुम्ही दुपारी बसणं बंद केलंत. गल्लीतल्या चार बायका येतात, दाराशी उभ्या राहून हाका मारतात आणि तुम्ही आतून सांगता, आज नको. ज्यांना तुम्ही स्वतः शिकवलंत त्या बायका. तीन कॅट पिसून एकवीस पानांचा डाव मांडायचात, पपलूची रमी खेळायचात, ते सगळं बंद. हे वाचून मी भाकरी थापता थापता थांबले. तव्यावरची करपली.

म्हणून मग खरं लिहिते. ऊन वगैरे काही नव्हतं. ओसरीवर ऊन चारनंतर येतं, आपण बसलो होतो दोनला.

पण सगळा दोष माझ्या माथी मारू नका. आधीचं आठवा. शहासष्ट साली जावईबापूंचे वडील, अण्णा, गेले आणि तुम्ही इकडे भावाकडे येऊन राहिलात. उखर्डूभाऊंची बायको सांगायची, दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसतात, हाक मारली तर ओ देत नाहीत. मला असलं बघवत नाही. मी गेले आणि हाताला धरून तुम्हाला आमच्या माजघरात आणलं. तुम्ही म्हणालात, मी आता कुठे बसायची? मी म्हटलं, चटईवर. यांचा पाय मोडला होता तेव्हा यांनी मला रमी शिकवली होती, तीच मी तुम्हाला शिकवली. तुम्हाला बदाम आणि इस्पिक यातला फरक कळत नव्हता. लाल बदाम आणि काळं बदाम म्हणायचात.

तेरा पानं. एका रंगाची ओळीनं तीन, ती झाली ओळ. आपल्यात बसणारी चंदनबाई सिक्वेन्स म्हणते, तो शब्द माझ्या जिभेवर बसत नाही. निदान एक ओळ बिनजोकरची पाहिजे, ती नसली तर बाकीचं कितीही सुरेख जमलं तरी फुकट. तुम्हाला तेच पटायचं नाही. जोकर कुठेही चालतो तर इथे का नाही म्हणून आठ दिवस भांडलात. मी म्हटलं, एवढं एक तरी स्वतःच्या पानांनी जमवायचं असतं. मग तुम्ही कधीच विसरला नाहीत. हात आला की पहिली ती ओळ लावायचात, ओठ दाबून.

ओळ दिसली की तुम्ही ओठ दाबता हे तुम्हाला कोणी सांगितलं नसेल.

सुरुवातीला मी तुम्हाला हरवायची, तुम्हाला माहीत आहे. मग एकदा आमचे मोठे दीर, झुलालभाऊ, दारातून बघत होते. तुम्ही उठून गेल्यावर मला म्हणाले, विहिणीला शिकवलंस ते चांगलं केलंस, पण तिच्यावर रमी लावत जाऊ नकोस. आपण मुलीकडचे. मुलीकडच्यांनी विहिणीसमोर पाट खाली ठेवायचा असतो. मी मान हलवली. मोठे आहेत.

तेव्हापासून एखादं दुसरं पान मी मुद्दाम टाकलं असेल. जास्त नाही. लग्नात तुमच्या बाजूच्यांचे पाय धुतलेच की आम्ही, तेव्हा तुम्ही रागावला नाहीत. पत्त्यांत तेच केलं तर एवढं काय?

उत्तर सविस्तर लिहा. पोस्टमनकडे बघू नका, पाकीट टाका.

ताईबाई

सावदा
ता. ७ जुलै १९७०

विहीणबाई,

पाकीट मिळालं. चार पानं, दोन्ही बाजूंनी. दुपारी वाचलं, मग परत एकदा वाचलं, मग यांच्या हातात दिलं, त्यांनीही वाचलं. वाचून म्हणाले, विहीणबाई खरं बोलतात. मी म्हटलं, तुम्ही गप्प बसा.

तुम्ही लिहिलंय, झुलालभाऊंच्या मागे लपू नका. एखादं दुसरं पान नव्हतं. त्या दिवशी तुम्ही माझी पानं उलटी केलीत तेव्हा किलवर पंजीपासून अठ्ठीपर्यंत चार पानं, इस्पिकची दश्शी, गुलाम, राणी, वर तीन राजे आणि तीन दुर्र्या, असा डाव पुरा लागलेला होता. एक जोकरसुद्धा लागत नव्हता. रमी लावायची सोडून मी पानं ओढत होते आणि टाकत होते. किती फेऱ्या ते तुम्ही विचारलंय. चार. आता विचारलंत म्हणून सांगितलं.

चौवी का टाकली तेही सांगते. तुमच्याकडे बदाम पंजी आणि छक्की आहे हे मला माहीत होतं, तिर्रीही तुम्ही उचलली होती. चौवी आली की ओळ पुरी. म्हणून बदाम चौवी दिसल्याबरोबर मी ती तुमच्यासाठी टाकली. ती जोकर आहे हे डोक्यातच नाही आलं, कारण मी माझा डाव खेळतच नव्हते, तुमचा खेळत होते. कोणी शुद्धीवर असताना जोकर टाकत नाही. तिथेच तुम्ही मला पकडलंत. इतर कुठलंही पान टाकलं असतं तर आणखी चार वर्षं कळलं नसतं.

चंदनबाई बोलायला नको होती. तिच्या नवऱ्याचं, घेवरचंदचं, कापडाचं दुकान चालतं ते तिच्या जिभेवर. "ताईबाई तर विहिणीला जेवायला वाढावं तसा डाव वाढतेय," असं म्हणाली आणि सगळ्या हसल्या. शकूसुद्धा. तिला मी आत नेऊन झापलं. तुम्ही मात्र हसला नाहीत, पदर नीट केलात आणि उठलात. तुम्ही ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं. मला ओरडणारी माणसं समजतात.

आता तुमचं ते वाक्य. मी ते पाठ केलं नाही पण पाठ झालंय. "अण्णा गेल्यावर सगळं दुसऱ्यांच्या मेहेरबानीनं चाललं होतं, मला वाटलं एवढी एक गोष्ट तरी माझ्या डोक्यानं मला येते." आणि धुळ्याच्या बायकांना तुम्ही सांगायचात की सावद्याला माझी विहीण आहे, तिनं मला शिकवलं आणि आता मी तिला हरवते. त्यांना आता काय सांगू, असं तुम्ही विचारलंय.

मला काय माहीत. मी असा विचारच केला नव्हता. मला वाटायचं, हरले की काय जातं माझं, एक कप चहा जास्त करायचा. तुम्ही जिंकून उखर्डूभाऊंकडे जाताना पायऱ्या झपझप उतरायचात, ते मी खिडकीतून बघायची. मला ते आवडायचं. मला वाटायचं, मी केलं हे.

झुलालभाऊंचं म्हणणं एक निमित्त. त्यांचं मी बाकी काय ऐकते? खरी गोष्ट शकूची होती. लग्नाला वर्ष झालेलं, तुमचं घर नवीन, तुमचा स्वभाव मला पुरता कळलेला नव्हता. मी जिंकले आणि तुमचं तोंड उतरलं की मला वाटायचं, आता हे तोंड घेऊन ह्या धुळ्याला जातील, आणि माझ्या पोरीच्या भाजीत मीठ जास्त निघेल. माझी सासू कशानंही रुसायची आणि त्याचा वचपा आठ आठ दिवस चालायचा. मी तुम्हाला तिच्या मापानं मोजलं. तुम्ही एकदाही तसं वागला नाहीत, तरी मोजतच राहिले. शकू मला मागल्याच वर्षी म्हणाली होती, "आई, त्यांना तुझ्याकडून हरायलासुद्धा आवडतं, रात्री मला सांगत बसतात तुझे डाव." मी म्हटलं, तुला काय कळतंय. पोरीला कळत होतं.

आणि एक गोष्ट. ही मी लिहिणार नव्हते. मागल्या दिवाळीचे शेवटचे दोन दिवस आठवा. त्या दोन दिवसांत मला हरायची गरजच पडली नाही. मी मुद्दाम काही टाकायच्या आतच तुमची रमी लागायची. तुम्ही माझी टाकलेली पानं लक्षात ठेवायला लागला होतात, मला जे हवं ते दाबून ठेवत होतात. दुसऱ्या दिवशी मला राग आला म्हणून मी मनापासून खेळले, सगळं डोकं लावून. तरी सहापैकी चार डाव तुम्ही घेतलेत. ते मी तुम्हाला सांगितलं नाही. का, तर तुम्हाला जिंकू देणारी मी आहे, असं मला वाटत राहावं म्हणून. ते जास्त वाईट आहे, हे मला आज लिहिताना कळतंय.

ते चार डाव तुमचे आहेत. धुळ्याच्या बायकांना तेवढं सांगा, खोटं होणार नाही.

ताईबाई

सावदा
ता. १६ जुलै १९७०

विहीणबाई,

तुमचं उत्तर नाही. शकूचं आलं. ती लिहिते, माझं पत्र तुम्ही तिच्याकडून दोनदा वाचून घेतलंत, तुमचा चष्मा डोळ्यांवर असताना. मग उठून बाहेर गेलात आणि अंगणात बराच वेळ झाडत बसलात, झाडलेलंच. दिवाळीचे ते चार डाव कुठले, पहिल्या दिवसाचे का दुसऱ्या, एवढं तिच्याकडून मला विचारायला लावलंत. दुसऱ्या. मागच्या पत्रात लिहिलंय ना मी.

आता माझी गंमत ऐका, म्हणजे तुम्हाला बरं वाटेल. मी पत्त्यांना हात लावणार नव्हते, पण चंदनबाई परवा आली आणि फळीवरचे कॅट स्वतःच काढून पिसायला लागली. आखाजीच्या बोलण्याचं तिला वाईट वाटतंय, पण तोंडानं म्हणणार नाही, म्हणून खेळायला येते. बसले. तीन दुपारी बसले. एकही डाव लागला नाही. पानं वाईट आली असं नाही. तेरा पानं हातात घेतली की मी समोरचीकडे काय असेल ते शोधायला लागते आणि तिला हवं ते पान माझ्या हातून आपोआप पडतं. चांगली जमलेली ओळ मोडते. काल माझ्याकडे दोन जोकर असताना तिनं रमी लावली. शेवटी ती चिडली, म्हणाली, "ताईबाई, मी तुमची विहीण नाही. नीट खेळा नाहीतर मी उठते."

चार वर्षं हरायचा सराव केला, आता हाताला जिंकणं येत नाही. यांच्याबरोबर खेळले तर यांच्याशीसुद्धा हरले, आणि ते तर, मला शिकवलं तरी, एक्का राजानंतर लागतो की दुर्रीच्या आधी, ह्याच्यातच अजून अडकलेत. मी कोणाला सांगू हे? तुम्हालाच सांगते. तुम्ही आता पपलू खेळता, एकवीस पानं दोन हातांत धरता. जोकर निघाला की त्याच रंगाचं त्याच्या वरचं पान ते पपलू, असं शकूनं लिहिलंय, त्याचं पुढे काय करायचं ते तिला आठवत नाही. एवढी पानं सांभाळणारी बाई मला दोन हात शिकवू शकेल.

म्हणून मी एक ठरवलंय. शकूला आता सातवा लागला, तिला माहेरी आणायचं. घ्यायला बापानं जायचं ही रीत. यांनी पिशवी काढून पुसून ठेवली होती. मी सांगितलं, जायचं नाही. शकूला विहीणबाई स्वतः आणून सोडतील. झुलालभाऊंना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, मुलाच्या आईनं सून पोचवायला यायचं? उलटी रीत झाली. मी म्हटलं, व्हय, उलटी. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. घरात शांत वाटलं.

एक ऑगस्टला शनिवार आहे. जावईबापूंना अर्धी सुट्टी असते, ते धुळ्याच्या स्टँडवर बसवून देतील. एरंडोलला गाडी थांबते, शकूला तिथे उतरवून पाय मोकळे करायला लावा. जळगावला आमचे हे स्टँडवर उभे राहतील, तेवढं तरी त्यांना करू द्या, पिशवी पुसलीय त्यांनी. उतरायचं आमच्याकडे. उखर्डूभाऊंकडे जेवायला जा, राहायला नाही. आणि शकूच्या डोहाळजेवणाला मागच्या दाराशी बसायचं नाही. कोणी काही म्हटलं तर मी आहे.

दुपारी बसू. तुमच्या धुळ्याच्या नियमानं, एकवीस पानं. तिसरा कॅट चंदनबाई देतेय. एक आधीच लिहून ठेवते. मी तुम्हाला एक पान सोडणार नाही. जमलं तर रमी लावीन, तोंडावर लावीन. तुमचं तोंड उतरलं तर उतरू द्या, मी चहा टाकीन आणि परत वाटीन. तुमची लागली तर मी आदळआपट करीन, ती तुम्ही कधी बघितली नाही. माझी आदळआपट वाईट असते, यांना विचारा.

तर आता येते किंवा येत नाही, दोनांतलं एक लिहा. तब्येत बरी आहे एवढंच लिहिलेलं मी वाचणार नाही. ता. २५ च्या आत तुमच्या हातचं कार्ड माझ्या हातात पडलं पाहिजे. नाही पडलं तर २६ ला सकाळच्या एसटीनं मीच धुळ्याला निघते, आणि मुलीच्या आईनं मुलीच्या सासरी किती दिवस राहायचं, तिथलं अन्न खायचं की नाही, हे कोणालाही न विचारता तुमच्या माजघरात बसते. २५ तारीख. लक्षात ठेवा.

ताईबाई